मुंबईतील सॉलिसिटर पेढ्यांची वाढ व व्यवस्थापन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

मुंबईच्या आर्थिक इतिहासात कापड गिरण्या, गोद्या, बँका आणि शेअर बाजार यांचा विस्तृत अभ्यास झालेला आहे. मात्र या संस्थांचे करारनामे, गहाणखते, कंपन्यांची संस्थापनपत्रे आणि जमिनींचे दस्तऐवज ज्या कचेऱ्यांमध्ये तयार झाले, त्या सॉलिसिटर पेढ्यांकडे इतिहासकारांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. फोर्ट भागातील या पेढ्यांपैकी काहींचे आयुष्य शंभर, तर काहींचे दीडशे वर्षांहून अधिक आहे. त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्या अनेक व्यापारी कंपन्या काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. पेढ्या मात्र टिकून राहिल्या.

पेढीजवळ यंत्रसामग्री नसते, कच्चा माल नसतो. तिचे भांडवल म्हणजे तिचे नाव, तिच्या माणसांचे प्रशिक्षण आणि अशिलांचा विश्वास. असे भांडवल एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे सोपवायचे, हा पेढीच्या व्यवस्थापनातील मूलभूत प्रश्न होय. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या अनुषंगाने मुंबईतील पेढ्यांच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे. निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे की, या पेढ्यांच्या वाढीचे स्वरूप केवळ भागीदारांच्या कर्तृत्वाने ठरले नाही. कायद्याने त्यांना प्रथम संरक्षित क्षेत्र दिले आणि नंतर संख्या, भांडवल व प्रसिद्धी यांवर मर्यादा घातल्या. या मर्यादांमुळे पेढी कुटुंबावर व नावावर विसंबून राहिली. मर्यादा दूर झाल्यानंतर पेढी नेमकी कोणाची, हा दीर्घकाळ झाकला गेलेला प्रश्न उघड झाला.

द्विस्तरीय व्यवस्था : संरक्षित क्षेत्र

मुंबईत १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय आणि १८२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय सुरू झाले. या न्यायालयांबरोबर इंग्लंडमधील वकिली व्यवसायाची विभागणीही येथे आली. १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले, तेव्हा त्याच्या मूळ शाखेत हीच विभागणी कायम ठेवण्यात आली. अशिलाशी संबंध ठेवणे, त्याची हकीकत ऐकणे, कागदपत्रे जमविणे, दावा वा कैफियत दाखल करणे ही कामे ॲटर्नीची, म्हणजेच सॉलिसिटरची. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करणे हे ॲडव्होकेटचे काम. ॲडव्होकेटला अशिलाकडून थेट काम घेता येत नसे. कोणत्या ॲडव्होकेटला प्रकरण द्यावयाचे, हे व्यवहारात सॉलिसिटर ठरवीत असे. ॲडव्होकेटचे शुल्क सोन्याच्या मोहरांत मोजले जाई. मोहर चलनातून गेल्यानंतरही एक मोहर म्हणजे पंधरा रुपये हा हिशेब मुंबईत चालू राहिला. सॉलिसिटरच्या खर्चाची बिले न्यायालयाचा टॅक्सिंग मास्टर तपासत असे.

अपील शाखेत मात्र अशी विभागणी नव्हती. तेथील वकील अशिलाकडून थेट काम घेत आणि स्वतःच युक्तिवाद करीत. विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३-१८८९) यांच्यासारखे मराठी विधिज्ञ याच शाखेत नावारूपाला आले. जिल्हा न्यायालयांतील वकिलांचीही पद्धत हीच होती. अशा वकिलाची कचेरी म्हणजे तो स्वतः, त्याचा कारकून आणि एखाददुसरा कनिष्ठ सहकारी. वकिलाच्या निधनानंतर ती बंद पडे किंवा मुलाच्या हाती जाई. अनेक भागीदारांची आणि मूळ भागीदारांच्या पश्चात चालणारी पेढी ही संस्था पुणे, सातारा वा नागपूर येथे न रुजता मुंबईच्या फोर्टमध्ये का रुजली, याचे एक प्रमुख कारण या भेदात आहे. मूळ शाखेतील प्रत्येक दाव्यासाठी सॉलिसिटर आवश्यक होता. त्यामुळे कामाचा ओघ एका व्यक्तीच्या वक्तृत्वावर नव्हे, तर कचेरीच्या व्यवस्थेवर अवलंबून राहिला.

व्यापारी शहर आणि पेढीचे काम

मुंबईतील सर्वांत जुन्या पेढ्यांपैकी क्रॉफर्ड बेली आणि कंपनी १८३० पासूनची, तर लिटल आणि कंपनी १८५६ पासूनची मानली जाते. म्हणजे या दोन्ही पेढ्या उच्च न्यायालयाहून जुन्या आहेत. त्यांच्या वाढीचा काळ हा मुंबईच्या औद्योगिक उभारणीचाही काळ होता. भागभांडवली कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा १८५० मध्ये आला आणि मर्यादित जबाबदारीचे तत्त्व १८५७ च्या कायद्याने मान्य झाले. दरम्यान १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. कंपनीची स्थापना, भागांची विक्री, यंत्रांच्या खरेदीचे करार, जमिनीची गहाणखते या प्रत्येक टप्प्यावर सॉलिसिटरची गरज भासू लागली.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-१८६५) कापसाच्या भावामुळे मुंबईत अमाप पैसा आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळले आणि अनेक कंपन्या व व्यापारी बुडाले. या घटनाक्रमातून पेढीच्या अर्थव्यवहाराचे एक वैशिष्ट्य स्पष्ट होते. तेजीत कंपन्या स्थापन होतात आणि मंदीत त्या गुंडाळल्या जातात. दोन्ही वेळी दस्तऐवज लागतात. गिरणीमालकाला मंदीत काम थांबवावे लागे, पेढीला फक्त कामाचे स्वरूप बदलावे लागे.

पुढे १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आणि प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. भूसंपादन, नुकसानभरपाई आणि मालकी हक्काचा तपास ही कामे त्यातून वाढली. मालकी हक्काच्या कामाला स्वतःची अशी एक साखळी असते. ज्या पेढीने एखाद्या मिळकतीचे पहिले गहाणखत केले, तिच्याकडे त्या मिळकतीचा पूर्वेतिहास असे. त्याच मिळकतीची विक्री, वाटणी किंवा मृत्युपत्र करावयाचे झाल्यास अशील स्वाभाविकपणे तेथेच परत येई. जपून ठेवलेले जुने कागद हे अशा रीतीने पेढीच्या वाढीचे साधन ठरले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय सॉलिसिटरांच्या पेढ्या युरोपीय पेढ्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. वाडिया घांडी आणि कंपनी १८८३ मध्ये, तर मुल्ला आणि मुल्ला १८९५ मध्ये स्थापन झाली. अमरचंद आणि मंगलदास ही पेढी १९१७ मधील. या पेढ्यांचे पहिले अशील मुख्यतः पारशी व गुजराती व्यापारी समाजांतील होते. मुल्ला पेढीचे संस्थापक दिनशा फर्दुनजी मुल्ला (१८६८-१९३४) यांनी हिंदू कायदा, मुस्लीम कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहिता यांवर ग्रंथ लिहिले. त्यांच्या सुधारित आवृत्त्या आजही न्यायालयांत वापरल्या जातात. १९३० मध्ये त्यांची प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर नियुक्ती झाली. जाहिरात हा ज्या व्यवसायात गैरप्रकार समजला जाई, त्या व्यवसायात विद्वत्ता हा लौकिक वाढविण्याचा प्रतिष्ठित मार्ग होता, हे या उदाहरणावरून दिसते.

पेढीची अंतर्गत रचना आणि प्रवेशाचा प्रश्न

पेढीतील श्रेणी साधारणपणे पुढीलप्रमाणे होती : भागीदार, पगारी सहायक सॉलिसिटर, मॅनेजिंग क्लार्क, आर्टिकल्ड क्लार्क आणि इतर कारकून. मॅनेजिंग क्लार्क हा बहुधा सॉलिसिटर नसे. परंतु न्यायालयाच्या कचेऱ्यांतील कार्यपद्धती, मुदती आणि नोंदी यांचे ज्ञान त्याच्याकडे असे. आर्टिकल्ड क्लार्क हा शिकाऊ उमेदवार. ठरावीक वर्षे एका सॉलिसिटरच्या हाताखाली काम करून आणि परीक्षा उत्तीर्ण होऊन तो स्वतः सॉलिसिटर होई. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीने या व्यवसायाला संघटित रूप दिले.

प्रशिक्षणाची ही पद्धत कार्यक्षम होती. दस्तऐवजाचा मसुदा कसा करावा, अशिलाला कोणता प्रश्न विचारावा, हे ज्ञान पुस्तकांतून मिळणारे नव्हते. ते हाताखाली काम करूनच येई. परंतु पद्धतीचे प्रवेशद्वार अरुंद होते. आर्टिकलसाठी एखाद्या सॉलिसिटरची संमती लागे आणि ती नातेसंबंध, ज्ञाती आणि ओळख यांवर अवलंबून असे. ॲडव्होकेटला काम देण्याचा अधिकारही त्याच वर्तुळाच्या हाती असल्याने त्याचे परिणाम पेढीपुरते मर्यादित राहिले नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हा त्यांच्याजवळ कोलंबिया व लंडन येथील उच्च पदव्या आणि बॅरिस्टरची सनद होती. तरीही अस्पृश्यतेमुळे सॉलिसिटर त्यांच्याशी व्यावसायिक संबंध ठेवण्यास तयार नव्हते, अशी नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात आहे. मूळ शाखेतील किफायतशीर कामाचा मार्ग सॉलिसिटरच्या कचेरीतून जात असल्याने आंबेडकरांसाठी तो जवळजवळ बंद राहिला. महिलांच्या वकिलीला असलेली कायदेशीर आडकाठी १९२३ च्या कायद्याने दूर झाली. पण काम मिळण्यासाठी त्यांनाही याच वर्तुळाच्या संमतीची गरज होती. पेढीच्या व्यवस्थापनात ज्याला विश्वास म्हटले जाते, तो कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हा प्रश्न पेढीच्या यशाचे मूल्यमापन करताना टाळता येत नाही.

कायद्याने घातलेल्या मर्यादा

पेढीच्या वाढीवर तीन प्रकारच्या मर्यादा होत्या. पहिली मर्यादा संख्येची. कंपनी कायद्यानुसार (१९१३ आणि त्यानंतर १९५६) नफ्यासाठी चालविल्या जाणाऱ्या नोंदणीविरहित भागीदारीत वीसपेक्षा अधिक व्यक्ती असू शकत नसत. दुसरी मर्यादा भांडवलाची. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला वकील नसलेल्या व्यक्तीशी भागीदारी करता येत नाही किंवा तिला शुल्कात वाटा देता येत नाही. त्यामुळे बाहेरचे भांडवल पेढीत येऊ शकत नाही. तिसरी मर्यादा प्रसिद्धीची. नियम ३६ अन्वये जाहिरात आणि कामाची याचना निषिद्ध आहे. २००८ मध्ये या नियमात दुरुस्ती होऊन नाव, पत्ता, पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती संकेतस्थळावर देण्यास मुभा मिळाली.

या मर्यादांचा एकत्रित परिणाम लक्षणीय झाला. जाहिरात करता येत नसल्याने पेढीचे जुने नाव हीच तिची ओळख राहिली. स्वातंत्र्यानंतर युरोपीय भागीदार गेले. क्रॉफर्ड बेली, लिटल, क्रेगी ब्लंट अँड कॅरो ही नावे मात्र भारतीय भागीदारांनी जपली. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार नावलौकिक हा पेढीच्या मालमत्तेचा भाग होय. त्याच कायद्यानुसार वेगळा करार नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. म्हणून सातत्य राखण्यासाठी करार किंवा कुटुंब यांपैकी एकाचा आधार घ्यावा लागे. वीस जागांच्या मर्यादेत कुटुंबीयांना प्राधान्य मिळणे स्वाभाविक होते. पगारी सहायकांची संख्या वाढविता येत असे. मालकीत वाटा देण्यास मात्र जागा थोड्याच असत. मर्यादा ओलांडण्यासाठी काही पेढ्यांनी एकाच नावाने वेगवेगळ्या शहरांत स्वतंत्र भागीदाऱ्या उभ्या केल्या. इंग्लंडने सॉलिसिटरांसाठीची वीसची मर्यादा १९६७ मध्येच रद्द केली होती. भारतात २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याने (अंमल ३१ मार्च २००९ पासून) पर्यायी मार्ग खुला झाला आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने विशेष कायद्यांखालील व्यावसायिकांच्या भागीदाऱ्यांना संख्येच्या अटीतून वगळले.

दरम्यान संरक्षित क्षेत्रही संपुष्टात आले होते. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याने वकिलांचा एकच वर्ग मानला; १९७६ च्या दुरुस्तीने ॲटर्नीचा स्वतंत्र वर्ग रद्द झाला आणि १ जानेवारी १९७७ पासून द्विस्तरीय व्यवस्था कायद्याने संपली. तरी मुंबईतील पेढ्या कोसळल्या नाहीत. कंपनी व्यवहार, मिळकती आणि करार यांचे न्यायालयाबाहेरील काम त्यांच्याकडे एव्हाना स्थिर झाले होते. एकाधिकार नियंत्रण कायदा (१९६९) आणि परकीय चलन नियमन कायदा (१९७३) यांमुळे उद्योगांना पदोपदी कायदेशीर सल्ल्याची गरज भासत होती. सॉलिसिटरची परीक्षाही कायदेशीर सक्ती उरली नसताना गुणवत्तेची खूण म्हणून चालू राहिली.

तुलना : न्यूयॉर्कमधील क्रॅव्हाथ पद्धत

भागीदारांच्या संख्येवर अशी मर्यादा नसलेल्या ठिकाणी पेढीची वाढ कशी झाली, हे पाहिल्यास मुंबईचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. न्यूयॉर्कमध्ये पॉल क्रॅव्हाथ हे १८९९ मध्ये ज्या पेढीत दाखल झाले, तिचा आरंभ १८१९ पर्यंत मागे नेता येतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांनी तेथे रूढ केलेली पद्धत पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. नामांकित विधी विद्यालयांतील उत्तम पदवीधर घ्यावेत. त्यांना वेगवेगळ्या भागीदारांच्या हाताखाली क्रमाने शिकवावे. ठरावीक वर्षांनी भागीदार करावे किंवा निरोप द्यावा. भागीदार शक्यतो आतूनच निवडावेत. आणि अशील एका भागीदाराचा नव्हे, तर पेढीचा मानावा, ही त्या पद्धतीची मुख्य सूत्रे होत. भागीदारांचे उत्पन्न ज्येष्ठतेनुसार ठरविल्याने अशिलावरून आपसांत स्पर्धा होण्याचे कारणही कमी झाले.

ही पद्धत न्याय्य होती, असे मात्र म्हणता येत नाही. वॉल स्ट्रीटवरील पेढ्यांत ज्यू, कृष्णवर्णीय आणि महिला यांना दीर्घकाळ क्वचितच स्थान मिळाले; क्रॅव्हाथ पेढीत पहिली महिला भागीदार १९७१ मध्ये झाली. तथापि या पद्धतीने एक गोष्ट साध्य केली : भागीदारी ही जन्माने मिळणारी बाब न राहता नियमाने मिळणारी बाब झाली. मुंबईत प्रशिक्षणाची परंपरा तितकीच भक्कम होती. प्रशिक्षित व्यक्तीला मालकीपर्यंत नेणारा नियम मात्र नव्हता.

१९९१ नंतरचे परिवर्तन

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतर परकीय गुंतवणूक, भांडवल बाजार आणि कंपन्यांचे विलीनीकरण यांचे काम वाढले. भांडवल उभारणीवरील सरकारी नियंत्रण १९९२ मध्ये संपले आणि सेबीला त्याच वर्षी वैधानिक दर्जा मिळाला. बंगळुरू येथील नॅशनल लॉ स्कूलमध्ये १९८८ पासून पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला होता. त्याच्या व नंतरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पदवीधरांना पेढ्यांनी थेट महाविद्यालयांतून घेण्यास सुरुवात केली. प्रवेशाचे जुने द्वार यामुळे काही अंशी रुंदावले. जुन्या घराण्यांबाहेर नव्या पेढ्याही उभ्या राहिल्या. २००० मध्ये स्थापन झालेल्या ट्रायलीगलने ज्येष्ठतेनुसार उत्पन्नवाटपाची पद्धत स्वीकारली. एझेडबी ही पेढी २००४ मध्ये दोन पेढ्यांच्या विलीनीकरणातून निर्माण झाली.

परदेशी पेढ्यांच्या प्रवेशाचा वाद याच काळातील. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने काही परदेशी पेढ्यांनी संपर्क कार्यालये उघडली होती. त्यांविरुद्ध लॉयर्स कलेक्टिव्हने दाखल केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २००९ रोजी निर्णय दिला आणि न्यायालयाबाहेरील कायदेविषयक कामही वकिलीत मोडते, असे स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २०१८ च्या निर्णयात ही भूमिका सर्वसाधारणपणे कायम ठेवली. पुढे बार कौन्सिलने मार्च २०२३ मध्ये परदेशी वकील व पेढ्यांच्या मर्यादित प्रवेशाचे नियम केले आणि मे २०२५ मध्ये त्यांत दुरुस्ती केली. भारतीय पेढ्यांना मिळालेले दुसरे संरक्षण अशा रीतीने हळूहळू सैल होत आहे.

या पार्श्वभूमीवर अमरचंद पेढीचे २०१५ मधील विभाजन अभ्यासनीय ठरते. १९१७ मध्ये स्थापन झालेली ही पेढी शेकडो वकिलांची आणि देशातील अग्रगण्य झाली होती. तिसऱ्या पिढीतील दोन बंधूंपैकी एक मुंबईत आणि दुसरे दिल्लीत नेतृत्व करीत होते. कुटुंबातील वारशाच्या वादानंतर मे २०१५ मध्ये पेढी दोन भागांत विभागली गेली. दोन्ही नव्या पेढ्यांनी ‘अमरचंद मंगलदास’ हे शब्द आपल्या नावात ठेवले आणि दोन्ही आज देशातील मोठ्या पेढ्यांत गणल्या जातात. शंभर वर्षांत जमलेल्या नावलौकिकाचे मोल या एका बाबीवरून कळते. त्याचबरोबर, अनेक कुटुंबाबाहेरील वकिलांच्या श्रमांनी वाढलेल्या संस्थेचे भवितव्य एका कुटुंबातील वाटणीने ठरावे, हे जुन्या रचनेचे वैगुण्यही त्यातून समोर आले.

निष्कर्ष

मुंबईतील सॉलिसिटर पेढ्यांच्या या आढाव्यावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, पेढीची प्रारंभीची वाढ ही द्विस्तरीय व्यवस्था आणि व्यापारी शहराची गरज यांच्या संयोगातून झाली. या दोहोंपैकी एकच अट पूर्ण करणाऱ्या ठिकाणी पेढी रुजली नाही. दुसरा, पेढी टिकून राहण्याचे रहस्य दस्तऐवजांचे जतन, शिस्तबद्ध उमेदवारी आणि न्यायालयाबाहेरील कामाचा विस्तार यांत होते. म्हणूनच १९७७ मध्ये संरक्षण गेल्यानंतरही ती टिकली. तिसरा, संख्येची मर्यादा कुटुंबकेंद्रित मालकीला पोषक ठरली. परंतु ती मर्यादा दूर झाल्याने मालकी आपोआप खुली होत नाही. त्यासाठी भागीदारीत प्रवेश, उत्पन्नाचे वाटप आणि निवृत्ती यांचे लेखी नियम आवश्यक असतात.

विधी आणि वाणिज्य शाखांच्या अध्यापनात पेढीचे व्यवस्थापन हा विषय बहुधा तंत्राच्या अंगाने मांडला जातो. आंबेडकरांना नाकारलेले काम आणि अमरचंद पेढीची वाटणी ही उदाहरणे एकत्र ठेवली असता त्याचे दुसरे अंग दिसते. पेढीत कोण प्रवेश करतो आणि पेढी कोणाच्या मालकीची राहते, हे दोन्ही प्रश्न व्यवस्थापनाइतकेच न्यायाचे आहेत. त्यांचा सविस्तर इतिहास लिहावयाचा झाल्यास पेढ्यांच्या जुन्या दप्तरांचे जतन व्हावयास हवे आणि अशिलांच्या गोपनीयतेला बाध न येता ती अभ्यासकांना उपलब्ध व्हावयास हवीत. मुंबईच्या मिळकतींचा, गिरण्यांचा आणि घराण्यांचा मोठा इतिहास त्या कागदांत सामावलेला आहे.